ॲक्सलचं सील पुन्हा पुन्हा का गळतं? जुन्या जिप्सीवाल्यांसाठी

पावसाळा ओसरला की जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्या बाळगणाऱ्या वाचकांची एक तक्रार ठरल्यासारखी येते. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ऑइलचे ओघळ, ड्रममध्ये चिकट काळा गाळ, ब्रेक एका बाजूला ओढतो. गॅरेजात सील बदललं, पैसे दिले आणि दोन-तीन महिन्यांत पुन्हा तेच. मग प्रश्न येतात. सील नकली होतं का? मेकॅनिकने फसवलं का? हे काम घरी करता येईल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. मागच्या ॲक्सलचं सील घरी बदलता येतं. त्याला सपाट पक्की जमीन, चांगली घोडी आणि पुरता एक दिवस हवा. पुढच्या ॲक्सलचं काम मात्र पहिल्याच खेपेला घरी करायला घेऊ नका. त्याची कारणं पुढे येतील.

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर वेगळं आहे. सील बहुतेक वेळा आपणहून मरत नाही, त्याला कोणीतरी मारलेलं असतं. ते कारण न शोधता नवं सील ठोकलं, तर तेही त्याच वाटेने जातं. म्हणून या लेखात सील बदलण्याइतकीच जागा ते का गेलं हे शोधायला दिली आहे.

उदाहरणासाठी मारुती जिप्सी घेतली आहे. ही गाडी तीन दशकांहून अधिक काळ बनत होती. ताडोब्याच्या सफारीत, सह्याद्रीतल्या वाड्या-वस्त्यांवर आणि हौशी लोकांच्या अंगणात ती आजही धावते आहे. तुमची गाडी दुसरी असली तरी तर्क तोच राहील. नट आणि मापं तेवढी बदलतील.

आधी खात्री करा: गळतंय ते नक्की काय?

चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली की ती ॲक्सल सीलचीच, असं धरून चालू नका. व्हील सिलिंडर फुटलं तरी तिथेच ओल दिसते.

- गिअर ऑइल दाट असतं. त्याला गंधकासारखा उग्र वास येतो आणि तो हाताला बराच वेळ राहतो.
- ब्रेक ऑइल पातळ असतं, वास फारसा नसतो आणि ते रंग खातं. ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी उतरली असेल, तर संशय व्हील सिलिंडरवर घ्या.
- ओल हौसिंगच्या मध्यावर, डिफरेन्शियलच्या तोंडाशी असेल, तर ते पिनियनचं सील किंवा पॅकिंग असू शकतं. चालत्या गाडीत ऑइल वाऱ्याने मागे आणि बाजूला पसरतं, त्यामुळे गळती दिसते एकीकडे आणि असते दुसरीकडे.

हौसिंग डिझेलने स्वच्छ धुवून कोरडं करा, वीसेक किलोमीटर चालवा आणि मग खाली वाकून पाहा. ताजी ओल जिथून सुरू होते, तिथे दोष आहे.

एक सूचना गंभीरपणे घ्या. ड्रममध्ये ऑइल गेलं असेल तर ती गाडी घाटात नेऊ नका. एका चाकाचा ब्रेक धरतो आणि दुसऱ्याचा निसटतो, अशा गाडीला उतारावर सरळ ठेवणं अवघड असतं.

सील का गेलं?

याची पाच कारणं नेहमी सापडतात. मी ती तपासायच्या क्रमाने देतो, कारण पहिली दोन तपासायला चाकही काढावं लागत नाही.

तुंबलेला ब्रीदर. ॲक्सलच्या हौसिंगवर हवा येण्या-जाण्यासाठी एक छोटी टोपी किंवा नळी असते. गाडी चालली की ऑइल तापतं, आतली हवा फुगते आणि तिथून बाहेर पडते. चिखलाने ही वाट बुजली की दाब सीलच्या ओठावर येतो आणि ऑइल तिथून निघतं. याची उलटी बाजू जास्त वाईट. तापलेला ॲक्सल घेऊन तुम्ही ओढ्यात उतरलात की हौसिंग एकदम थंड होतं, आतली हवा आकसते आणि सीलच्या ओठातून पाणी आत खेचलं जातं. भातखाचरांच्या वाटांवर, ओढे-नाले ओलांडत चालणाऱ्या गाड्यांचं हेच होतं. ब्रीदर काढा, डिझेलमध्ये धुवा, फुंकून पाहा. टोपी सहज हलली पाहिजे. पाण्यातून नेहमी जाणं असेल तर ब्रीदरला रबरी नळी जोडून ती चेसिसवर उंच नेऊन बांधा. खर्च किरकोळ आहे. या एका गोष्टीने जितकी सील वाचतात, तितकी महागडं सील घेतल्यानेही वाचत नाहीत.

जास्त भरलेलं ऑइल. पातळी भरायच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत हवी. जिप्सीच्या मागच्या डिफरेन्शियलमध्ये सुमारे दीड लिटर आणि पुढच्यात सुमारे दोन लिटर ऑइल बसतं. गाडी उतारावर उभी करून किंवा एका बाजूने उचलून भरलं, तर पातळी चुकते. बोल्ट काढून बोट घाला. ऑइल ताकासारखं पांढरट दिसलं तर पाणी शिरलेलं आहे.

ढिलं बेअरिंग. बेअरिंग झिजलं की ॲक्सल सीलच्या मध्यावर फिरत नाही, डगमगत फिरतो. ओठ एका बाजूला दाबला जातो, दुसऱ्या बाजूला फट पडते. अशा ॲक्सलवर जगातलं कोणतंही सील टिकणार नाही. चाक उचलून वर-खाली हलवून पाहा. नंतर हाताने फिरवून कान द्या. खरखर असेल तर बेअरिंगही बदलायचं आहे असं समजा.

ॲक्सलवर पडलेली चर. वर्षानुवर्षं एकाच जागी ओठ घासला की पोलादावरही चर पडते. सील जिथे टेकतं तिथे लांबीच्या दिशेने नख फिरवा. नख अडकलं तर नवं सीलही तिथून गळेल.

वय. रबर कडक होतं, ओठ काचेसारखा गुळगुळीत होतो, आतली बारीक स्प्रिंग सैल पडते. बाकी सगळं ठीक असेल, तरच दोष निव्वळ सीलचा माना.

तुमचा ॲक्सल कोणत्या जातीचा?

जिप्सीचा मागचा ॲक्सल सेमी-फ्लोटिंग आहे. म्हणजे चाकाचा भार थेट ॲक्सल शाफ्टवर येतो आणि शाफ्टवर दाबून बसवलेलं बेअरिंग व त्यामागची रिंग यांच्या जोरावर चाक गाडीला धरून असतं. खालची सगळी कृती या जातीसाठी आहे.

हबच्या मधोमध बोल्टांनी आवळलेलं गोल फ्लँज बाहेरून दिसत असेल, तर ॲक्सल फुल-फ्लोटिंग असतो. त्यात गाडीचा भार हबवर असतो, शाफ्ट सहज बाहेर ओढता येतो, पण सील हबमध्ये असतं आणि बेअरिंगची जोडी खोलावी लागते. जुन्या विलीस धाटणीच्या जीपगाड्यांत आणखी एक प्रकार भेटतो. हबच्या मध्यभागी मोठा नट आणि स्प्लिट पिन, आत निमुळता शाफ्ट. तो हब काढायला जड पुलर लागतो, हातोडीने ठोकून तो निघत नाही. असा ॲक्सल असेल तर घरचा बेत सोडा.

सामान आणि खरेदी

- ऑइल सील, दोन्ही बाजूंची. जुन्या सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये छापलेली असते. गाडीचं मॉडेल आणि साल सांगून सील घ्या, पण ही तीन मापं जुळवल्याशिवाय दुकान सोडू नका.
- जीएल-५ दर्जाचं ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल. गिअरबॉक्ससाठी आणलेलं जीएल-४ इथे चालवून घेऊ नका. डिफरेन्शियलच्या दातांवरचा ताण वेगळा असतो.
- जॅक, कमीत कमी दोन घोड्या, चाकांना लावायला लाकडी ठोकळे.
- गोटी पान्यांचा संच, टॉर्क पाना, हूक असलेला सील पुलर, रबरी किंवा लाकडी हातोडी, स्लाइड हॅमर. स्लाइड हॅमर भाड्याने किंवा ओळखीच्या गॅरेजातून मिळतो.
- ब्रेक क्लीनर, सीलंट, कापडाच्या चिंध्या, हातमोजे, चष्मा आणि मास्क.

सुट्या भागांचं पक्कं बिल घ्या. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं हीही तशीच प्रथा ठरते. मात्र सील बसवताना तुमच्या हातून वाकलं असेल, तर तो मालाचा दोष नव्हे. म्हणून बसवण्याआधी सीलचे आणि डब्याचे फोटो काढून ठेवा.

गाडी उचलताना

या कामात खरा जिवाचा धोका इथेच आहे. गाडी गिअरमध्ये टाकली की ती जागची हलणार नाही, ही समजूत घातक आहे. मागचं एक चाक हवेत गेलं की डिफरेन्शियल ते मोकळं फिरू देतं, आणि गाडी गिअरमध्ये असूनही सरकू शकते. ज्या जुन्या जीपगाड्यांत हँडब्रेक चाकांवर नसून प्रोपेलर शाफ्टवर असतो, त्यांचा हँडब्रेकही अशा वेळी गाडी धरत नाही. शिवाय मागचा ड्रम काढायला, हँडब्रेक चाकांवर असेल तर तो सोडावाच लागतो. म्हणजे गाडीला धरून ठेवणारे फक्त ठोकळेच.

1. काँक्रीट किंवा फरशीची सपाट जागा निवडा. मातीत जॅक रुततो.
2. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून ठोकळे घट्ट बसवा.
3. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा.
4. मागचा ॲक्सल उचलून घोड्या हौसिंगच्या खाली, दोन्ही बाजूंना लावा.
5. जॅक काढण्याआधी गाडी जोरात हलवून पाहा. ती आत्ताच पडायची असेल तर पडू दे. तुम्ही खाली गेल्यावर नको.

नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम करत असाल तर मुलांना दूर ठेवायला कोणीतरी सोबतीला असू द्या.

प्रत्यक्ष काम

ऑइल काढण्याआधी भरायच्या भोकाचा बोल्ट सैल होतो का ते पाहा. ऑइल रिकामं केलं आणि भरायचा बोल्टच निघेना, तर गाडी घोड्यांवरच अडकते. तो निघाला की खालचा बोल्ट काढून ऑइल डब्यात घ्या. बोल्टवर चुंबक असेल तर त्यावरचा बारीक चुरा पुसून टाका. धातूचे तुकडे दिसले तर मात्र प्रश्न सीलच्या पलीकडे गेला आहे आणि डिफरेन्शियल उघडणाऱ्या माणसाला गाडी दाखवायला हवी.

आता एका वेळी एकच बाजू घ्या. डिफरेन्शियल मधोमध नसल्याने दोन्ही बाजूंचे शाफ्ट सारख्या लांबीचे नसतात. दोन्ही एकदम काढून अदलाबदल होऊ देऊ नका.

चाक आणि ड्रम काढा. ड्रम अडकला असेल तर त्यावर आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यांत बोल्ट आलटून पालटून आत फिरवले की ड्रम सरकतो. आतली धूळ फुंकू नका, हवेच्या पंपाने उडवू तर मुळीच नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात कायमचं बसतं. ब्रेक क्लीनरने ओलं करून पुसून घ्या. ड्रम निघालेला असताना ब्रेकचं पेडल कोणालाही दाबू देऊ नका, नाहीतर व्हील सिलिंडरचे पिस्टन बाहेर येतील.

ब्रेकची मागची प्लेट आणि बेअरिंगचा रिटेनर हौसिंगला धरून ठेवणारे चार नट काढा. मग स्लाइड हॅमर ॲक्सलच्या फ्लँजला लावून शाफ्ट सरळ बाहेर ओढा. स्लाइड हॅमर नसेल तर ड्रम उलटा करून फ्लँजवर ठेवतात, चाकाचे नट दोन-चार आटे लावून सैलच ठेवतात आणि ड्रमला बाहेरच्या बाजूने हिसके देतात. गॅरेजांत ही युक्ती सर्रास चालते आणि ती चांगली चालते. शाफ्ट निघाला की ब्रेक प्लेट पाइपवर लटकू देऊ नका. एक-दोन नट हाताने परत लावून ती जागेवर धरा.

सील हौसिंगच्या तोंडात आत बसलेलं दिसेल. काढण्याआधी ते किती खोल आहे हे मोजून ठेवा. हूक अडकवून ओढा. स्क्रूड्रायव्हर वापरावा लागला तर खाली लाकडाची पट्टी धरा, कारण सीलच्या बैठकीवर ओरखडा पडला तर तिथूनच नवी गळती सुरू होते. बैठक पुसून लखलखीत करा.

शाफ्टवर सीलची जागा तपासा. हलका गंज असेल तर अगदी बारीक पॉलिश पेपर गोल फिरवत लावा, लांबीच्या दिशेने नाही. चर खोल असेल तर तीन मार्ग आहेत. जागा असेल तर नवं सील एक-दोन मिलिमीटर कमी-जास्त खोलीवर बसवा, म्हणजे ओठ कोऱ्या पोलादावर येईल. नाहीतर दुरुस्तीची पातळ पोलादी बाही चढवून घ्या. तेही जमत नसेल तर शाफ्ट बदला.

नवं सील बसवताना:

- स्प्रिंग दिसणारी बाजू ऑइलकडे, म्हणजे आत. उलटं बसवलेलं सील पहिल्याच दिवशी गळतं.
- ओठाला गिअर ऑइल लावा. दोन ओठ असतील तर मधल्या खाचेत थोडं ग्रीस भरा. कोरडा ओठ पहिल्या काही फेऱ्यांतच जळतो.
- सीलच्या बाहेरच्या कडेएवढी मोठी गोटी, पाइपचा सपाट कापलेला तुकडा किंवा जुन्या बेअरिंगची कडी वापरून चहूबाजूंनी हलके ठोके द्या. थेट सीलवर हातोडी मारू नका. सील तिरकं गेलं तर ते काढून फेका, सरळ करत बसू नका.

शाफ्ट परत घालताना जड टोक वर उचलून धरा. शाफ्टचे दात ओठावरून घासत गेले तर नवं सील आतल्या आत चिरतं आणि तुम्हाला ते कळतही नाही. नव्या सीलच्या गळतीचं हे एक फार मोठं कारण आहे. सोबतीचा माणूस इथे कामाला येतो. दात डिफरेन्शियलमध्ये बसेपर्यंत शाफ्ट हळू फिरवत आत न्या. हौसिंग आणि ब्रेक प्लेटच्या सांध्याला सीलंटचा पातळ थर लावा आणि नट समोरासमोरच्या क्रमाने, गाडीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा.

ऑइलने भिजलेले लायनर

धुऊन, तापवून, पेट्रोलमध्ये बुडवून ते पुन्हा वापरण्याचे सल्ले तुम्हाला मिळतील. ऐकू नका. लायनरच्या आत मुरलेलं ऑइल गाडी तापली की परत वर येतं. ब्रेक शू दोन्ही बाजूंचे एकदम बदला. एका बाजूला नवे आणि दुसऱ्या बाजूला जुने ठेवले तर गाडी ओढणारच.

बेअरिंग बदलायचं असेल तर घरचं काम तिथेच थांबवा

बेअरिंगमागची रिंग प्रेसने दाबलेली असते. ती काढताना ग्राइंडरने पातळ करून छिन्नीने फोडावी लागते आणि प्रत्येक वेळी नवीच बसवावी लागते. हे काम प्रेस असलेल्या वर्कशॉपचं. शाफ्ट काढून तुम्ही तिथे घेऊन जा, म्हणजे मजुरी वाचेल. फक्त दोन अटी स्पष्ट सांगा: रिंग नवी हवी आणि तिला वेल्डिंगचा टाका मारायचा नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने शाफ्ट आणि बेअरिंग दोन्ही बिघडतात. ही रिंग सुटली तर चालत्या गाडीचा ॲक्सल चाकासकट बाहेर येतो, इतकं तिचं महत्त्व आहे.

पुढचा ॲक्सल

पुढच्या चाकामागच्या गोळ्यावरून ग्रीस आणि ऑइलचा पातळ रबडा ओघळत असेल, तर ॲक्सलच्या नळीतलं आतलं सील गेलेलं आहे. डिफरेन्शियलचं ऑइल गोळ्याच्या पोकळीत येऊन ग्रीस पातळ करतं. बाहेरचं नकल सील बदलून हे थांबत नाही, कारण ते फक्त ग्रीस आणि धूळ अडवण्यासाठी असतं. आतल्या सीलपर्यंत पोचायला ब्रेक, हब, स्पिंडल आणि सांधा काढून नकल खोलावं लागतं. किंगपिनखालच्या शिमा वर-खाली झाल्या तर स्टिअरिंग थरथरतं. हे काम जाणत्याच्या शेजारी उभं राहून एकदा पाहा. गोळ्यावर गंजाचे खड्डे असतील तर नवं नकल सीलही टिकणार नाही, म्हणून खड्डे आहेत का हे त्याला आधीच विचारून घ्या.

गॅरेजात द्यावं लागलं तर

अंदाजपत्रक लेखी घ्या आणि काढलेले जुने भाग परत मागा. जुनं सील हातात घेतल्यावर ओठ एका बाजूने झिजलाय का, हे दिसतं आणि त्यावरून बेअरिंगचा दोष कळतो. काम नीट झालं नाही आणि गॅरेज ऐकत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही.

सफारीसाठी गाडी चालवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: व्यापारी कामासाठी घेतलेली वस्तू किंवा सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेऊन वापरलेली वस्तू बसते. एकच गाडी स्वतः चालवणाऱ्या माणसाला ‘तुमचं तर कमर्शियल आहे’ असं सांगून कोणी परतवत असेल, तर त्याने ऐकून घेऊ नये.

भरणं आणि तपासणं

गाडी घोड्यांवर समपातळीत आहे ना हे पाहून भोकाच्या काठापर्यंत ऑइल भरा. जमिनीवर उतरवल्यावर पातळी पुन्हा पाहा. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत ब्रेक दाबा आणि लायनर ॲडजस्ट करा. पहिली चक्कर मोकळ्या सपाट जागेत, हळू.

दहा किलोमीटरनंतर दोन्ही मागच्या ड्रमजवळ हात नेऊन ऊब पाहा, स्पर्श करू नका. एक बाजू फार तापली असेल तर लायनर घासत आहेत किंवा बेअरिंग दाबलं गेलं आहे. शंभरेक किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा तपासा आणि हौसिंगचा सांधा कोरडा आहे का पाहा. काढलेलं जुनं ऑइल गटारात, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका; झाकणाच्या डब्यात भरून वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजात द्या. आणि पुन्हा ओल दिसलीच, तर दुसरं सील आणायला निघण्याआधी शाफ्ट काढून बेअरिंग तपासून घ्या.